परक्या भाषेतील स्वर ऐकण्याची आणि उच्चारण्याची क्रमवार पद्धत

परकी भाषा शिकणारे बहुतेक जण उच्चार सुधारायला बसतात तेव्हा थेट तोंडापासून सुरुवात करतात. ध्वनिमुद्रित शब्द एकदा ऐकायचा, तो शंभर वेळा म्हणायचा आणि जमला असे समजून पुढच्या शब्दाकडे वळायचे, असा त्यांचा क्रम असतो. व्यंजनांच्या बाबतीत हा क्रम काही प्रमाणात चालून जातो, कारण व्यंजन उच्चारताना जीभ दातांना किंवा टाळूला लागते, ओठ एकमेकांना लागतात, आणि ती जागा आपल्याला जाणवते. स्वर उच्चारताना मात्र जीभ तोंडाच्या पोकळीत जवळपास अधांतरी असते. ती नेमकी कुठे आहे हे सांगणारा स्पर्श नसल्यामुळे तिला जागेवर आणण्याचे काम कानालाच करावे लागते. कानाला फरकच ऐकू येत नसेल, तर शंभर वेळा म्हटलेला शब्द म्हणजे शंभर वेळा घोटून पक्की केलेली चूक होय.

मी फ्रेंच शिकू लागलो तेव्हा ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थांचे दोन्ही शब्द माझ्या वहीत ‘दसू’ असेच लिहिलेले होते. या दोन शब्दांत फक्त शेवटच्या स्वराचा फरक आहे. तो फरक मला ऐकूही येत नव्हता आणि देवनागरीत लिहिताही येत नव्हता, त्यामुळे मी दोन्ही शब्द मोठ्या आत्मविश्वासाने सारखेच म्हणत होतो. वस्तू कुठे ठेवली आहे असे मला कोणी विचारले, की माझे उत्तर ऐकणारा माणूस हाताने एकदा वर आणि एकदा खाली दाखवून पुन्हा तोच प्रश्न विचारी. पुढील टप्पे त्या अनुभवातून आणि नंतर इतरांना शिकवताना दिसलेल्या चुकांमधून ठरले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये. विशेषतः ऐकण्याचा टप्पा पार होईपर्यंत उच्चाराच्या टप्प्याला हात घालू नये.

## पूर्वतयारी

साधने थोडी लागतात: कानाला लावायचे बऱ्यापैकी हेडफोन, आवाज मुद्रित करणारा मोबाइल, हातभर अंतरावर ठेवता येईल असा आरसा आणि एक वही. लॅपटॉपचे किंवा मोबाइलचे अंगचे स्पीकर वापरू नयेत, कारण त्यांतून ध्वनीचे काही थर दबून येतात आणि स्वरांची ओळख ज्या बारकाव्यांवर अवलंबून असते त्यांतलेच काही हरवतात.

यापेक्षा महत्त्वाची तयारी ध्वनिमुद्रणांची आहे. जी भाषा शिकायची तिच्यातील, एकाच स्वराने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या गोळा कराव्यात आणि प्रत्येक शब्द किमान चार-पाच वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात मिळवावा. त्यांत स्त्रिया, पुरुष आणि जमल्यास लहान मुलेही असावीत. ही अट अनेकांना अनावश्यक वाटते, पण ती टाळल्यामुळेच सर्वांत जास्त मेहनत वाया जाते. गॉर्डन पीटरसन आणि हॅरोल्ड बार्नी यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत ३३ पुरुष, २८ स्त्रिया आणि १५ मुले अशा ७६ जणांनी उच्चारलेले इंग्रजीचे १० स्वर तपासले होते. त्यात असे दिसले की एका माणसाचा एक स्वर आणि दुसऱ्या माणसाचा भलताच स्वर मोजमापात एकमेकांच्या क्षेत्रात शिरतात. याचा अर्थ असा की स्वराला सर्वांसाठी एकच ठरलेला आकडा नसतो. प्रत्येक वक्त्याच्या आवाजात शेजारच्या स्वरांच्या तुलनेत त्याची जागा ठरते आणि ती तुलना करण्याची सवय कानाला अनेक आवाज ऐकूनच लागते.

इंग्रजीतील ‘र’ आणि ‘ल’ यांचा फरक जपानी श्रोत्यांना शिकवण्याच्या प्रयोगांतही हेच आढळले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाच वक्त्याच्या आवाजावर तालीम घेतलेल्यांची प्रगती नव्या वक्त्याच्या आवाजापुढे टिकली नाही. अनेक आवाजांवर तालीम घेतलेल्यांची टिकली.

सावधान: गोळा केलेल्या फायलींना देवनागरीत उच्चार लिहून नावे देऊ नका. अर्थावरून नाव द्या, उदाहरणार्थ ‘वर-आवाज-१’, ‘खाली-आवाज-१’. हा नियम वहीलाही लागू आहे. याचे कारण दुसऱ्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: स्वतःचे स्वर तपासणे

परक्या स्वराकडे जाण्यापूर्वी आपले स्वर तोंडात कुठे तयार होतात हे माहीत असले पाहिजे. प्रत्येक स्वराबाबत तीन प्रश्न विचारायचे: जीभ किती वर आहे, जिभेचा उचललेला भाग पुढे आहे की मागे, आणि ओठ गोल आहेत की नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकांतील संवृत-विवृत, अग्र-पश्च आणि वर्तुळित-अवर्तुळित या संज्ञा याच तीन प्रश्नांची उत्तरे आहेत.

१. आरशासमोर बसून ‘ई – ए – ॲ – आ’ असे न थांबता, एकाच श्वासात, सावकाश म्हणा. जबडा पायरीपायरीने खाली जातो आणि जीभही त्याबरोबर उतरते.

२. आता ‘ई – ऊ – ई – ऊ’ असे म्हणा. जीभ पुढून मागे सरकते आणि त्याच क्षणी ओठ गोल होतात. या दोन हालचाली एकदम होतात हे नीट पाहा.

३. तेच ‘ई – ऊ’ कुजबुजत, म्हणजे आवाज न काढता फक्त श्वासाने म्हणा. कुजबुजीत ‘ई’ तीक्ष्ण आणि उंच लागतो, तर ‘ऊ’ खोल लागतो. कंठाचा सूर बाजूला पडल्यामुळे तोंडाच्या पोकळीचा आकार बदलल्याने होणारा फरक तेवढा उरतो. पुढे अनेक ठिकाणी ही कुजबूज उपयोगी पडणार आहे.

या तपासणीतून मराठीपुरता एक निष्कर्ष निघतो आणि तो लिहून ठेवण्याजोगा आहे: आपल्या भाषेत जीभ पुढे असताना ओठ गोल होत नाहीत (ई, ए, ॲ), आणि जीभ मागे उचललेली असताना ते गोल होतात (ऊ, ओ, ऑ). जीभ आणि ओठ यांची ही जोडी भाषेच्या सवयीची आहे. शरीराची तशी काही सक्ती नाही. फ्रेंच, जर्मन, तुर्की, चिनी अशा अनेक भाषा ही जोडी फोडतात आणि नेमके तिथेच आपण अडखळतो.

तपासणी: आरशात न पाहता ‘ओ’ म्हणताना ओठ किती पुढे येतात हे सांगता येते का? सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका. दोन दिवस रोज पाच मिनिटे हीच तपासणी करा.

## टप्पा २: परक्या स्वरांची वर्गवारी

आता जी भाषा शिकायची तिच्या सर्व स्वरांची यादी घ्या आणि प्रत्येक स्वर तीन गटांपैकी एकात टाका: आपल्याकडे आहे तसाच, आपल्या एखाद्या स्वरासारखा पण तोच नव्हे, आणि पूर्ण नवा.

बहुतेकांना भीती तिसऱ्या गटाची वाटते. प्रत्यक्षात दुसरा गट अधिक हट्टी असतो. परक्या भाषेतील उच्चारांचे अभ्यासक जेम्स फ्लेगे यांनी १९९५ साली केलेल्या मांडणीचा गाभा असाच आहे: परका ध्वनी मातृभाषेतील एखाद्या ध्वनीच्या जितका जवळ, तितका तो त्या ध्वनीतच जमा होण्याची शक्यता अधिक, आणि त्याच्यासाठी मनात वेगळे खाते उघडण्याची शक्यता कमी. अगदी अनोळखी स्वर निदान ‘हा वेगळा आहे’ असे ओरडून सांगतो. ओळखीचा भासणारा स्वर गुपचूप आपल्या स्वरात मिसळतो आणि वर्षानुवर्षे चूक लक्षात येत नाही.

या मिसळण्याला आपली लिपी हातभार लावते, म्हणून इथे जरा थांबून पाहू.

वर्णमालेत आपण अ–आ, इ–ई, उ–ऊ या ऱ्हस्व-दीर्घ जोड्या म्हणून शिकतो. पण बोलताना काय होते ते ऐका. ‘अ’ आणि ‘आ’ यांत केवळ लांबीचा फरक नाही. जबडा उघडण्याचा आणि जिभेच्या जागेचा मोठा फरक आहे. ‘आ’ कितीही तोकडा केला तरी त्याचा ‘अ’ होत नाही. उलट ‘इ’ आणि ‘ई’ यांच्या जागेत आपण फारसा फरक करत नाही, आणि त्यांची लांबी बहुधा शब्दातील स्थानावरून आपोआप ठरते: ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वीट’ पण ‘विटेवर’. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शुद्धलेखनात इतक्या होतात त्याचेही कारण हेच की कान त्याबाबत आपल्याला साक्ष देत नाही. म्हणजे आपण ज्याला लांबीचा फरक समजतो त्यातील एक जोडी मुळात जागेच्या फरकाची आहे, आणि उरलेल्या दोन जोड्यांतील लांबीकडे लक्ष न देण्याची आपल्या कानाला सवय आहे.

ही सवय घेऊन आपण परक्या भाषेत जातो तेव्हा चुका ठरलेल्या जागी होतात.

इंग्रजीतील ‘जहाज’ आणि ‘मेंढी’ या अर्थांचे शब्द आपण ‘शिप’ आणि ‘शीप’ असे लिहितो, आणि फरक फक्त लांबीचा आहे असे मानून दुसरा शब्द ताणतो. पण इंग्रजी भाषकाचा कान मुख्यतः स्वराची जागा पाहतो. ‘जहाज’मधील स्वरात जीभ थोडी खाली आणि थोडी मागे असते, सैल असते, तो स्वर आपल्या ‘ई’ आणि ‘ए’ यांच्या मधल्या जागेतला आहे. लांबीवर भरवसा ठेवता येत नाही याचे आणखी एक कारण म्हणजे इंग्रजीत स्वराची लांबी त्याच्या पुढच्या व्यंजनावर अवलंबून असते. ‘बोली लावणे’ या अर्थाच्या शब्दातील तथाकथित ऱ्हस्व स्वर शेवटच्या ‘ड’मुळे लांबतो, ‘पराभव करणे’ या अर्थाच्या शब्दातील तथाकथित दीर्घ स्वर शेवटच्या ‘ट’मुळे आखूड होतो, आणि दोन्ही जवळपास सारख्याच लांबीचे होऊन बसतात. तरीही इंग्रजी भाषक ते शब्द कधी एकमेकांत मिसळत नाही.

जपानीत याच्या अगदी उलट आहे. तिथे ‘मावशी किंवा आत्या’ आणि ‘आजी’ या अर्थांच्या शब्दांत स्वराची जागा तीच राहते. फरक केवळ लांबीचा असतो. आपण दोन्ही ‘ओबासान’ असे लिहून मोकळे होतो. फिनिश भाषेतही ‘आग’ आणि ‘वारा’ हे शब्द पहिल्या ‘उ’च्या लांबीनेच वेगळे होतात. जर्मनमध्ये ‘शहर’ आणि ‘राज्यसंस्था’ या अर्थांच्या शब्दांत एकाच ‘आ’चे आखूड आणि लांब रूप येते, आणि मराठी शिकाऊ मात्र आखूड रूपाच्या जागी ‘अ’ घालतो, कारण ‘आ’चा ऱ्हस्व म्हणजे ‘अ’ असे वर्णमालेने त्याच्या मनात बसवलेले असते.

म्हणून यादीतील प्रत्येक जोडीपुढे वहीत लिहा: फरक जागेचा, लांबीचा, ओठांचा, की यांपैकी दोहोंचा. हे उत्तर शब्दकोशातील उच्चारचिन्हांवरून आणि त्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेच्या वर्णनावरून मिळते. अंदाजाने लिहू नका.

सावधान: सगळ्या जोड्या एकदम घेऊ नका. ज्यांच्यामुळे अर्थ बदलतो आणि ज्या रोजच्या शब्दांत येतात अशा दोन जोड्या निवडा.

## टप्पा ३: कानाची तालीम

पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली अमेरिकेतील आणि स्वीडनमधील सहा महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात, त्या वयातच बाळांची स्वर ऐकण्याची पद्धत घरच्या भाषेप्रमाणे वळलेली दिसली. इतक्या जुन्या सवयीला मोडायचे असल्यामुळे नुसते ‘लक्ष देऊन ऐका’ हा सल्ला पुरत नाही. त्या भाषेतील चित्रपट पाहिल्याने किंवा गाणी ऐकल्यानेही हा विशिष्ट फरक बहुधा उमटत नाही, कारण वाक्याच्या संदर्भावरून अर्थ कळून जातो आणि कानाला काम उरत नाही. पुढील क्रमाने तालीम करा.

१. सारखे की वेगळे? एकाच वक्त्याच्या आवाजातील दोन शब्द पाठोपाठ ऐका; कधी तोच शब्द दोनदा, कधी जोडीतील दोन्ही. ते सारखे की वेगळे एवढेच सांगा.

२. कोणता? आता एकच शब्द ऐका आणि तो जोडीतील कोणता हे सांगा. उत्तर देताच ते बरोबर की चूक हे लगेच कळले पाहिजे. चुकल्यास दोन्ही शब्द पाठोपाठ ऐकून पुढे जा. उत्तर दिवसाअखेरीस तपासण्याने काही साध्य होत नाही.

३. आवाज बदलणे. एका आवाजात जमू लागले की आवाज मिसळा. इथे गुण एकदम घसरतात. ते अपेक्षितच आहे. खरी तालीम इथून सुरू होते.

४. वाक्यात ऐकणे. दोन्ही शब्द चालतील असे वाक्य घ्या. ‘पुस्तक पेटीच्या वर आहे’ आणि ‘पुस्तक पेटीच्या खाली आहे’ ही दोन्ही वाक्ये अर्थपूर्ण असल्यामुळे अंदाज करून सुटका होत नाही.

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते. फायलींचा क्रम रोज बदलायला हवा, नाहीतर कानाऐवजी स्मरणशक्ती उत्तरे देऊ लागते.

ऐकायचे काय, हा प्रश्न पहिल्या दोन-तीन दिवसांत हमखास पडतो. ‘वर’ आणि ‘खाली’च्या फ्रेंच जोडीत मला वाट सापडली ती कुजबुजीमुळे. एका फ्रेंच बोलणाऱ्या व्यक्तीकडून मी दोन्ही शब्द कुजबुजत म्हणवून घेतले. मोठ्या आवाजात मला दोन्हीकडे ‘ऊ’च ऐकू येत होता, कुजबुजीत मात्र ‘वर’च्या शब्दाचा शेवट शिट्टीसारखा पातळ लागला आणि ‘खाली’च्या शब्दाचा शेवट मडक्यात फुंकल्यासारखा खोल. तेवढी खूण मिळाल्यावर मोठ्या आवाजातही तीच ऐकू येऊ लागली. लांबीच्या जोड्यांसाठी कुजबूज उपयोगी नाही. तिथे शब्दाबरोबर बोटाने टेबलावर ठेका धरून जपानी ‘आजी’ला एक ठोका जास्त लागतो हे अनुभवावे.

तपासणी: तालमीत न वापरलेल्या आवाजातील २० शब्द घ्या आणि एकेकदाच ऐकून उत्तरे द्या. नुसत्या अंदाजाने १० च्या आसपास बरोबर येतात. १५ किंवा त्याहून अधिक केवळ योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे. लागोपाठ दोन दिवस १६ किंवा अधिक आले तरच पुढच्या टप्प्यावर जा.

सावधान: तालमीच्या वेळी समोर लेखी शब्द ठेवू नका. डोळ्याला उत्तर आधी दिसले की कान त्याला मान डोलावतो.

## टप्पा ४: जीभ आणि ओठ बसवणे

या टप्प्याची मुख्य युक्ती एकच आहे: ओळखीच्या स्वरापासून निघायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पुढची जीभ, गोल ओठ. ‘ई’ म्हणा आणि धरून ठेवा. जिभेच्या कडा वरच्या दाढांना लागलेल्या जाणवतील. त्या तशाच लागलेल्या राहू द्या. आता स्वर न तोडता केवळ ओठ सावकाश गोल करून पुढे आणा. जो ध्वनी येईल तो फ्रेंच ‘वर’मधला, जर्मनमधील ‘दार’ या शब्दातला आणि चिनीमधील ‘हिरवा’ या शब्दातला स्वर. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा ‘ऊ’ होतो, कारण ओठ गोल होताच जुन्या सवयीने जीभ मागे पळते. दाढांचा स्पर्श सुटला की जीभ पळाली असे समजावे. दुसरी चूक म्हणजे ‘ई’ आणि ‘ऊ’ एकापाठोपाठ म्हणून ‘यू’ करणे. हा एकच, स्थिर स्वर आहे आणि तो सुरू होण्यापूर्वीच ओठ गोल झालेले असले पाहिजेत. याच रीतीने ‘ए’ धरून ओठ गोल केले की जर्मनमधील ‘सुंदर’ या शब्दातला स्वर मिळतो. जीभ मागे पळाली की त्याचा ‘आधीच’ या अर्थाच्या जर्मन शब्दातला ‘ओ’ होतो आणि अर्थ बदलतो.

मागची जीभ, सपाट ओठ. इथे उलट करायचे. ‘ऊ’ धरून ओठ सावकाश सपाट करा, जीभ मागेच राहू द्या. तुर्कीच्या आठ स्वरांपैकी एक असा आहे. इथे जीभ पुढे सरकून ‘इ’ होण्याचा धोका असतो.

मधल्या जागा. इंग्रजी ‘जहाज’च्या स्वरासाठी ‘ई’ म्हणा, मग अगदी सावकाश ‘ए’कडे निघा आणि एक-तृतीयांश वाटेवर थांबा. जबडा किंचित उतरतो आणि जिभेचा ताण कमी होतो. ‘भरलेला’ आणि ‘मूर्ख’ या अर्थांच्या इंग्रजी जोडीसाठी ‘ऊ’कडून ‘ओ’कडे असाच प्रवास करून ‘भरलेला’चा स्वर मिळवा.

सरकते स्वर. आपले ‘ए’ आणि ‘ओ’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी राहतात. स्पॅनिशमध्ये ते तसेच चालतात. इंग्रजीच्या अनेक बोलींत ‘जाणे’ या अर्थाच्या शब्दातला स्वर ‘ओ’च्या आसपास सुरू होऊन शेवटी ‘उ’कडे सरकतो. मोबाइलवर ओठांचे चित्रण करा. शब्दाच्या शेवटी ओठ आणखी मिटताना दिसले नाहीत तर स्वर सरकलेला नाही.

अनुनासिक स्वर. मराठी वाचकाला हे सोपे वाटतात आणि म्हणूनच चुकतात. अनुस्वार दिसला की पुढच्या व्यंजनाप्रमाणे न् किंवा म् म्हणण्याची आपली सवय आहे. फ्रेंचमध्ये ‘चांगला’ या अर्थाचा शब्द अनुनासिक स्वरावर संपतो; त्यात न् नाही. ‘चांगली’ या अर्थाच्या शब्दात साधा स्वर आणि मग स्पष्ट न् येतो. शेवटी न् चिकटवला की पुल्लिंगाचे स्त्रीलिंग होते. हा स्वर तीन सेकंद धरा आणि जीभ कुठेही न लावता, तोंड उघडे ठेवूनच थांबा.

तपासणी: प्रत्येक नवा स्वर पाच वेळा, दर वेळी तोंड मिटून पुन्हा नव्याने सुरू करून म्हणा. ओळखीच्या स्वरावरून घसरत न येता थेट त्या जागी पोहोचता आले पाहिजे.

## टप्पा ५: शब्दात आणि वाक्यात बसवणे

एकटा जमलेला स्वर शब्दात गेला की बिघडतो, कारण शेजारची व्यंजने जिभेला आपल्याकडे ओढतात. म्हणून सुरुवात सोयीच्या शेजाऱ्यांपासून करावी. पुढच्या गोल स्वरासाठी ‘स’ आणि ‘त’ यांच्यासारखी जीभ पुढे ठेवणारी व्यंजने आधी घ्या. ‘क’ आणि ‘ग’ जिभेचा मागचा भाग उचलतात, ते नंतर. क्रम असा ठेवा: एकटा स्वर, मग एक अक्षर, मग शब्द, मग दोन-तीन शब्दांचा समूह, मग वाक्य. एका पायरीवर पाचपैकी चार वेळा जमल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नये.

इथे आघाताचा, म्हणजे शब्दातील एखाद्या अक्षरावर दिल्या जाणाऱ्या जोराचा, विचारही करावा लागतो, आणि तो न केल्यामुळे एरवी नीट बसलेले स्वरही परके वाटतात. मराठीत आपण प्रत्येक उच्चारित अक्षराचा स्वर बऱ्यापैकी पूर्ण म्हणतो. इंग्रजीत आघात नसलेल्या अक्षरातील स्वर विरून आपल्या ‘अ’च्या जवळ जातो. ‘फोटोग्राफ’ या शब्दात पहिला स्वर पूर्ण आणि दुसरा विरलेला असतो. ‘फोटोग्राफर’मध्ये आघात दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि पहिलाच स्वर विरतो. रशियन भाषेत ‘दूध’ या अर्थाच्या शब्दात तीन ‘ओ’ लिहिले जातात, पण खरा ‘ओ’ केवळ शेवटच्या, आघातयुक्त अक्षरात ऐकू येतो. स्पॅनिशमध्ये असे विरणे होत नाही. इंग्रजी आधी शिकलेले लोक तिथे स्वर विरवतात आणि ती वेगळीच चूक होते. आपल्याजवळ ‘अ’ आयता असल्यामुळे हे काम आपल्याला अवघड नाही, फक्त कुठे करायचे हे माहीत हवे. नवा शब्द लिहून घेताना आघाताचे अक्षर अधोरेखित करा.

## टप्पा ६: मुद्रण, परीक्षण, मोजणी

बोलत असताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि डोक्याच्या हाडांतूनही पोहोचतो, त्यामुळे त्या क्षणी केलेले परीक्षण विश्वासार्ह नसते. दहा शब्द मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी, मूळ वक्त्याच्या शब्दांच्या मध्येमध्ये मिसळून ऐका.

जाणकार ऐकणारा मिळाला तर त्याला ‘बरोबर आहे का?’ असे विचारू नका. शिष्टाचारापोटी माणसे हो म्हणतात, आणि कोणता शब्द येणार हे माहीत असल्यामुळे तोच ऐकतात. त्याऐवजी जोडीतील दोन्ही शब्दांची दहा-दहा वेळा मिसळलेली यादी स्वतःजवळ ठेवा, एकेक शब्द वाचा आणि त्याला जो ऐकू आला तो लिहायला सांगा. मग दोन्ही याद्या ताडून पाहा. तिसऱ्या टप्प्यातील १६ चा निकष इथेही लावा.

मोजमापाची आवड असलेल्यांसाठी ‘प्रात’ ही ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी तयार केलेली मोफत संगणक-प्रणाली आहे. तिच्यात स्वराचे फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीमुळे बळावलेले कंपनांचे पट्टे, दिसतात. पहिला फॉर्मंट जितका कमी तितकी जीभ वर. दुसरा जितका जास्त तितकी जीभ पुढे. ओठ गोल केल्याने दुसरा खाली येतो. पीटरसन-बार्नी यांच्या मोजणीत पुरुषांच्या इंग्रजी ‘मेंढी’तल्या स्वराची सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झ होती, तर ‘जहाज’मधल्या स्वराची ३९० आणि १९९० हर्ट्झ. हे आकडे गाठण्याचे लक्ष्य नव्हे. आपल्या तोंडाची लांबी-रुंदी वेगळी असते. पाहायचे ते एवढेच की आपल्या स्वतःच्या दोन स्वरांत त्याच दिशेने स्पष्ट अंतर पडते आहे का. मोजणी स्वराच्या मध्यावर करा. फॉर्मंटची कमाल मर्यादा पुरुषी आवाजासाठी ५००० आणि स्त्रीच्या आवाजासाठी ५५०० हर्ट्झ ठेवण्याची पद्धत आहे. ती चुकीची ठेवल्यास भलतेच आकडे येतात.

## अडल्यास कोणत्या टप्प्यावर परतावे

शब्द वाचून दाखवताना स्वर नीट येतो पण बोलण्याच्या ओघात हरवतो, ही सर्वांत अधिक आढळणारी तक्रार आहे. अशा वेळी पुन्हा एकट्या स्वराचा सराव करण्यात अर्थ नाही. पाचव्या टप्प्यातील शब्दसमूहांवर परतावे आणि तोच स्वर असलेली चार-पाच तयार वाक्ये रोजच्या बोलण्यात मुद्दाम वापरावीत.

एके दिवशी स्वर जमतो आणि दुसऱ्या दिवशी जमत नाही असे होत असेल, तर बहुधा कानाची तालीम अपुरी राहिलेली असते. तिसऱ्या टप्प्यातील २० शब्दांची परीक्षा नव्या आवाजात पुन्हा द्यावी.

नवा स्वर पक्का झाल्यावर जुनाच बिघडला, म्हणजे ‘खाली’ म्हणायचे असतानाही ‘वर’चा स्वर येऊ लागला, तर घाबरू नये. नव्या स्वराचा सराव एकट्याने फार झाला की असे होते. दोन्ही शब्द एकाआड एक, मग अनियमित क्रमाने, आणि शेवटी पेटी व पुस्तक खरोखर समोर ठेवून, पुस्तक जिथे असेल त्याप्रमाणे वाक्य म्हणावे. पुस्तकाची जागा दुसऱ्याने बदलत राहावी, आणि आपण प्रत्येक वेळी हाताने न दाखवता उत्तर द्यावे.